कुठं लावणार?

गच्चीवर पाणकमळांचा एक टब असावा, असं मी टाळेबंदीच्या दिवसांपासून म्हणत होते. यंदा एकदाचा योग आला. नर्सरीत जायला सवड नव्हती, म्हणून एके रात्री जेवणं आटोपल्यावर मोबाइलवरूनच दोन कंद मागवले. पाचव्या दिवशी खोकं दारात. ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेले कंद, त्यांच्याभोवती नारळाचा काथ्या, आणि भोकं पाडलेल्या एका वेगळ्या पिशवीत हाताच्या पंजाएवढं हिरवंगार रोप. सोबत चिठ्ठी होती: ‘आमच्याकडून प्रेमाची भेट. पाण्यावर तरंगतं. जांभळी फुलं येतात. काहीही काळजी घ्यावी लागत नाही.’

रोप तळहातावर घेतलं. देठ फुगीर, लहान दुधीसारखे. पानं चकचकीत. खाली काळसर जांभळ्या मुळांचा पिसासारखा झुपका. क्षणभर कौतुकानं बघत राहिले आणि मग पोटात गोळा आला. ही मुळं मी लहानपणी शेकडो वेळा हातानं ओढून काढली होती.

गावाकडं तात्यांना व्हिडिओ कॉल लावला आणि रोप कॅमेऱ्यासमोर धरलं.

“अगं, केंदाळ हाय की हे! पैसं देऊन घेतलंस?”

“न्हाई तात्या. फुकट आलंय.”

तात्या थोडा वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, “नदीत टाकू नगंस, बाई.”

पुण्यात याला जलपर्णी म्हणतात. बातम्यांत, निविदांमध्ये, महापालिकेच्या ठरावांत तेच नाव. आमच्या शिरोळ तालुक्यात केंदाळ. तेरवाडच्या बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला, पंचगंगेच्या काठी आमचं रान आहे. पावसाळा सरला की बंधाऱ्याला बरगे घालतात, पाणी तुंबतं आणि वरून वाहत आलेलं केंदाळ तिथं येऊन थटतं. थंडीत ते तुकड्या-तुकड्यांनी असतं. उन्हाळ्याच्या तोंडाला या काठापासून त्या काठापर्यंत हिरवी सतरंजी अंथरल्यासारखं दिसतं. परगावचा पाहुणा पुलावर गाडी थांबवून म्हणतो, काय सुंदर! त्या सतरंजीखाली पाणी काळं झालेलं असतं. ऊन आत जात नाही, वारा पाण्याला लागत नाही, खाली पानं कुजत राहतात आणि पहाटे मासे तोंड वर काढून धापा टाकतात.

मोटारीचा फूट व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी ओढणाऱ्या पाइपाचं नदीतलं तोंड, मुळांनी चोंदला की तात्या कमरेला दोर बांधून पाण्यात उतरायचे. दोराचं दुसरं टोक माझ्या आणि चुलतभावाच्या हातात. ते बुडी मारून खालून मुळांचे पेंडके उपसून काठावर फेकायचे, आम्ही ते दूर ओढून न्यायचो. त्या मुळांना चिखल, गोगलगायी, प्लास्टिकच्या पिशव्या, कधी पाण्यातलं विरोळं लागलेलं असे. अंगाला दोन-दोन दिवस खाज. एकदा तात्या वर यायला उशीर झाला, दोर हलेना. केंदाळाच्या जाळीत त्यांचा पाय अडकला होता. भावानं आणि मी जिवाच्या आकांतानं ओढलं. ते वर आले, काठावर बसले, बराच वेळ खोकत राहिले, आणि पुन्हा उतरले, कारण उसाला पाळी द्यायची होती.

म्हणून ‘काहीही काळजी घ्यावी लागत नाही’ हे वाक्य मी त्या दिवशी पुन्हा-पुन्हा वाचलं. ते खरंच आहे. उबदार पाणी आणि त्यात गावांनी, शहरांनी सोडलेल्या सांडपाण्यातलं नत्र नि स्फुरद मिळालं की साधारण दोन आठवड्यांत केंदाळ दुप्पट होतं. एका रोपाला धावऱ्या फुटतात, धावरीच्या टोकाला नवं रोप, त्याला पुन्हा धावरी. फूल वाळलं की बी तळाच्या गाळात जाऊन बसतं आणि वीस-वीस वर्षं जिवंत राहू शकतं. नदीत घाण सोडणं थांबलं तर केंदाळाची भूक अर्धीअधिक आटोक्यात येईल, हे मला मान्य आहे, आणि त्याबद्दल स्वतंत्रपणे लिहायला हवं. पण घाण पाणी एका बाजूनं येत असताना दुसऱ्या बाजूनं त्याचं बियाणं घरपोच वाटत फिरणं, याला काय म्हणायचं?

हे झाड मुळात फुलाच्या मोहानंच जगभर गेलं. त्याचं माहेर दक्षिण अमेरिकेतलं अॅमेझॉनचं खोरं. सहा फिकट जांभळ्या पाकळ्या, आणि वरच्या पाकळीवर मोराच्या पिसासारखा पिवळा डोळा. कुणी बागेतल्या हौदासाठी नेलं, कुणी तळ्यासाठी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते बंगालमध्ये पोचलं आणि पुढच्या तीसेक वर्षांत तिथल्या खाड्या, बिल म्हणजे पाणथळ तळी, भाताची खाचरं त्यानं व्यापली. होड्या चालेनात. भात बुडायला लागला. १९३६मध्ये बंगालला खास जलपर्णीसाठी कायदा करावा लागला. १९३७च्या प्रांतिक निवडणुकीत ती काढून टाकण्याचं आश्वासन पक्षांच्या जाहीरनाम्यांत होतं, आणि निवडून आलेल्या फजलुल हक यांच्या सरकारनं तिच्या उच्चाटनाची मोहीम हाती घेतली. एका तरंगत्या फुलावर निवडणूक लढवली जाते, हे शाळेच्या इतिहासात आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. २०२३च्या सप्टेंबरमध्ये जैवविविधतेवरच्या आंतरशासकीय मंचानं आक्रमक जातींचा जो जागतिक अहवाल काढला, त्यात सर्वाधिक पसरलेल्या जातींमध्ये पहिलं नाव या जलपर्णीचंच आहे. दुसरं नाव घाणेरीचं.

घाणेरी, टणटणी. सह्याद्रीत भटकलेल्या कुणालाही ती सांगायला नको. इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शोभेसाठी म्हणून कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात आणली. आज आपल्या वाघांच्या मुलखातल्या जंगलांपैकी ४० टक्क्यांहून अधिक क्षेत्रात ती घुसलेली आहे, असं २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. त्या रात्री मी मोबाइलवर ‘घाणेरी’ असं टाकून पाहिलं. काही आलं नाही. कोण कशाला घाणेरी विकत घेईल? मग ‘लँटाना’ टाकलं. पिवळी, गुलाबी, पांढरी, दुरंगी. तीन रोपांचा संच, फुलपाखरं येतात, ऊन चालतं, गुरं खात नाहीत. जंगलाला जे भोवतं तेच गुण म्हणून लिहिलेलं. यातल्या काही बुटक्या जाती खरंच बी धरत नाहीत, काही धरतात. कुठली कुठली, ते मात्र त्या पानावर लिहिलेलं नसतं.

नावांचा हा खेळ मला फार महत्त्वाचा वाटतो. केंदाळ म्हटलं तर शिरोळचा माणूस दचकतो, जलपर्णी म्हटलं तर पुणेकर नाक मुरडतो. ‘तरंगतं जांभळं फूल’ म्हटलं की दोघंही बोट दाबतात. नावाबरोबर झाडाची सगळी कुंडली पुसली जाते. म्हणून विकायच्या प्रत्येक रोपाच्या पानावर त्याचं शास्त्रीय नाव ठळक असलंच पाहिजे, ही माझी पहिली मागणी आहे. टोपणनावं कितीही लिहा. पण एक नाव असं हवं, की ज्यावरून यंत्रालाही ते पकडता येईल.

यंत्राला पकडता येतं, हे सिद्ध झालेलं आहे. झुरिचच्या संशोधकांनी दहा लिलाव-संकेतस्थळांवर पन्नास दिवस संगणकाकरवी पाळत ठेवली. २०१५मध्ये त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले: विक्रीला आलेल्या २,६२५ वनस्पतींपैकी ५१० जाती जगात कुठे ना कुठे आक्रमक ठरलेल्या, आणि त्यातल्या काही तर जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर जातींच्या यादीतल्या. पन्नास दिवस आणि एक संगणक, एवढ्यावर हे कळलं. जी संकेतस्थळं मी काल काय पाहिलं त्यावरून आज मला काय हवंय ते ओळखतात, त्यांना हे जमणार नाही, असं मी मानायला तयार नाही.

यादी करून बंदी घालणं हा सरळ मार्ग, आणि तो काहींनी धरलाय. युरोपीय संघानं ऑगस्ट २०१६मध्ये ३७ जातींची पहिली यादी लागू केली. जलपर्णी तीत आहे; तिथं आता ती विकायची नाही, वाढवायची नाही, न्यायची-आणायचीही नाही. पण नुसत्या यादीनं भागत नाही, हे अमेरिकेकडे बघून कळतं. तिथं आक्रमक म्हणून नोंदलेल्या १,२८५ वनस्पतींपैकी ६१ टक्के अजूनही बाजारात मिळतात, असं २०२१मधल्या एका अभ्यासात आढळलं. त्यात केंद्रीय कायद्यानं घातक तण ठरवलेल्याही काही होत्या. एका राज्यात बंदी, शेजारच्या राज्यात विक्री, आणि कुरिअरला सीमा माहीत नाही.

आपल्याकडे काय आहे, हे मी चार संध्याकाळ बसून वाचलं. परदेशातून झाड, कंद, बी आणायचं तर २००३चा वनस्पती विलगीकरणाचा आदेश आहे. परवाना लागतो, रोगमुक्ततेचा दाखला लागतो. हा दरवाजा बंदरावर आणि विमानतळावर उभा आहे. माझ्या खोक्यातलं केंदाळ मात्र कुठल्याच बंदरातून आलं नव्हतं. ते इथंच, कुणाच्या तरी तळ्यात वाढलेलं होतं. उंबरठ्याच्या आत आलेल्याला तो दरवाजा काय विचारणार? दुसरा कायदा वन्यजीव संरक्षणाचा. त्यात २०२२मध्ये दुरुस्ती झाली, १ एप्रिल २०२३पासून ती लागू झाली, आणि ‘परकी आक्रमक जाती’ हे शब्द पहिल्यांदाच त्यात आले. अशा जातींची आयात, व्यापार, त्या जवळ बाळगणं आणि त्यांचा प्रसार यांवर अधिसूचना काढून निर्बंध किंवा बंदी घालायचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला. ‘व्यापार’ हा शब्द तिथं पाहून मला खूप आनंद झाला. त्या एका शब्दात माझं खोकंही येतं. तात्यांचा फूट व्हॉल्व्ह त्या व्याख्येत बसत नाही, कारण ती वन्यजीव आणि त्यांच्या अधिवासापुरती आहे. पण पंचगंगेतला पहाटे धापा टाकणारा मासा बसतो. अधिकार असणं आणि तो वापरला जाणं यांत अंतर असतं. ते जाती-जातीनं, नावानिशी आणि ऑनलाइन विक्रीचा स्पष्ट उल्लेख करून कापलं जावं, असं मला मनापासून वाटतं.

आणि एक तिसरा कायदा, ज्यानं मला विचारात पाडलं. महाराष्ट्रात फळझाडांची रोपं-कलमं विकणाऱ्या रोपवाटिकांसाठी १९६९पासून परवान्याची पद्धत आहे. हापूस म्हणून भलतंच कलम गळ्यात पडू नये, शेतकऱ्याची पाच वर्षं वाया जाऊ नयेत, हा तिचा हेतू, आणि तो उत्तमच आहे. पण तिथं राखण होते ती विकत घेणाऱ्याची. रोपानं शेजाऱ्याचं, ओढ्याचं, खालच्या गावाचं नुकसान केलं तर कोण राखण करणार, हा प्रश्न त्या काळी कुणाला पडला नसेल. आज पडायला हवा.

मी संकेतस्थळावर तक्रार करायला गेले. तिथं कारण निवडायचं होतं: माल तुटका आला, चुकीचा आला, उशिरा आला, आवडला नाही. ‘हे झाड विकायलाच नको’ असं कारण नव्हतं. ‘इतर’ निवडलं आणि मराठीत सविस्तर लिहिलं. दोन दिवसांत पोच आली, कारण ई-कॉमर्सच्या २०२०च्या नियमांनुसार ४८ तासांत पोच द्यावीच लागते. आठवड्यानं उत्तर आलं की भेटवस्तूवर परतावा मिळत नाही. मी परतावा मागितलाच नव्हता.

विकणाऱ्याशी मात्र फोनवर बोलणं झालं. विशीतला मुलगा, लांबच्या जिल्ह्यातला, घरामागच्या सिमेंटच्या टाक्यांत पाणवनस्पती वाढवून विकतो. बोलायला नम्र. “ताई, गावच्या तलावात भरपूर आहे, म्हणून एक-एक सगळ्यांना टाकतो. लोक खूश होतात.” मी त्याला तात्यांच्या दोराची गोष्ट सांगितली. तो गप्प झाला, मग म्हणाला, “मला कुणी सांगितलंच नाही.” मला त्याचा राग आला नाही. अशा पोरांचा धंदा बुडावा असं मला मुळीच वाटत नाही; नियम करताना पहिला बडगा यांच्यावर पडेल आणि मोठे सुटतील, ही भीती मला आहे. त्याला सोप्या मराठीत, चित्रांसकट एक यादी द्या: ही नकोत, त्यांच्या जागी ही विका. यादी पाळणं हे विक्रेता म्हणून नोंदणी होतानाच बांधून घ्या, आणि ती पाळली जाते की नाही हे बघायची जबाबदारी ज्याच्या दुकानात तो माल मांडतो त्या संकेतस्थळावर टाका. प्रत्येक विक्रीतला वाटा ते घेतातच.

परकं ते सगळं वाईट, असं मी म्हणत नाही. आषाढी एकादशीच्या ताटाकडे बघा. साबुदाण्याचा कंद, बटाटा, शेंगदाणा, हिरवी मिरची: सगळे अमेरिका खंडातून आलेले. पोर्तुगीज जहाजांतून आले आणि आपल्या देवाच्या उपवासाला चालायला लागले. त्यांनी आपल्या नद्या अडवल्या नाहीत. त्या ताटातला शिंगाडा मात्र आपल्या तळ्यांचा. आणि अमेरिकेनं १९५६मध्ये जलपर्णीची राज्याराज्यांमधली ने-आण आणि विक्री रोखणारा केंद्रीय कायदा केला, त्यात जलपर्णीच्या शेजारी शिंगाड्याचं नाव होतं! तिथल्या तळ्यांत शिंगाड्यानं तेच केलं, जे केंदाळानं इथं केलं. (तो कायदा २०२०च्या अखेरीस रद्द झाला.) झाड तेच, ताटातही तेच, गळफासही तेच. फरक जागेचा.

आणि जागेचा प्रश्न एके काळी विक्रीतच असायचा. सोलापूर रस्त्यावर, उरुळी कांचनच्या अलीकडे, एक नर्सरीवाले मामा आहेत. आई त्यांच्याकडून गुलाब न्यायची. रोपाला हात लावला की मामांचा पहिला प्रश्न किमतीचा नसायचा. “कुठं लावणार?” जमीन की कुंडी, ऊन किती, शेजारी विहीर आहे का, भिंत किती लांब. एकदा आईला रबराचं झाड हवं होतं, तर त्यांनी दिलं नाही. “भिंत फोडंल, वहिनी,” म्हणाले. मामा काही वनस्पतिशास्त्रज्ञ नाहीत, त्यांच्याकडेही आज लँटानाचे ट्रे मांडलेले असतात. पण तो प्रश्न त्यांच्या तोंडी होता, आणि प्रश्न असला की कधी ना कधी नकारही येतो.

मोबाइलवर मला कुणी काही विचारलं नाही. फक्त पिनकोड विचारला. आणि हे मला सर्वांत जास्त टोचतं, कारण पिनकोड म्हणजेच ‘कुठं’. खोकं कुठल्या नदीच्या खोऱ्यात, कुठल्या अभयारण्याच्या कडेला, कुठल्या तलावाच्या काठी चाललंय, हे त्यांना मामांपेक्षा अचूक माहीत असतं. ‘या पिनकोडवर हा माल पोचवता येत नाही’ हे वाक्य आपण सगळ्यांनी कधी ना कधी वाचलेलं आहे. फ्रिजच्या बाबतीत, गादीच्या बाबतीत. झाडाच्या बाबतीत ते वाक्य लिहायला काय अडचण आहे?

हौशी माणसाच्या हातून काय होतं, याचं एक उदाहरण डोळ्यांपुढून जात नाही. नोव्हेंबर २०२०मध्ये केरळात कोळिकोडजवळच्या आवळा पांडी इथला एक कालवा गुलाबी फुलांनी भरून गेला. मत्स्यटाक्यांत लावतात त्या कबोम्बाची फुलं, मूळ अमेरिकेतली. टाळेबंदीत कंटाळलेली माणसं झुंडीनं बघायला आली, फोटो काढले, आणि जाताना काड्या तोडून घरी नेल्या. काडीच्या तुकड्यातून ती पुन्हा वाढते. त्यांच्या जागी मी असते तर मीही नेली असती. सुंदर होतीच ती.

माझ्या खोक्यातलं केंदाळ मी गच्चीच्या फरशीवर, मुळं वर करून, उन्हात ठेवलं. ओल्या कचऱ्याच्या डब्यात टाकायचं नाही, संडासात वाहून घालवायचं नाही. पूर्ण वाळू द्यायचं. दुसऱ्या दिवशी पानं मलूल झाली. चौथ्या दिवशीही मधला कोंब हिरवा होता. त्यावर सुरी फिरवताना हात अडला. आई असती तर म्हणाली असती, झाडाचा काय गुन्हा. काही गुन्हा नाही. नवव्या दिवशी ते हातात चुरलं, तेव्हा मातीत मिसळलं.

त्या रविवारी मी मामांकडे गेले. केस पांढरे झालेत, कानाला यंत्र आलंय. टबात तरंगणारं आपल्याकडचं काही द्या, म्हटलं. त्यांनी मागच्या हौदातून कुमुदाचं रोप काढलं, झालरीच्या पांढऱ्या पाकळ्यांचं.

“कुठं लावणार?”

“गच्चीवर, टबात.”

“पावसात टब भरून वाहिला, तर पाणी कुठं जातं?”

मला उत्तर देता आलं नाही. तीस वर्षं त्या इमारतीत राहते. घरी आले, रोप बादलीत ठेवलं, दुसरी बादली भरून टबाच्या जागी ओतली आणि जिने उतरून धावत खाली गेले. पन्हाळीच्या तोंडातून पाणी पडत होतं. अंगणातून फाटकापाशी, फाटकातून रस्त्याकडेच्या जाळीत. जाळीखाली ओढ्याचा आवाज येत होता. तो ओढा मुठेला मिळतो.

टबाला कड्यापासून वीतभर खाली जाळी बसवायला सांगितली आहे. तोवर कुमुद बादलीतच आहे.